ढग आणि धूर यांचे संगणकीय चित्रांकन : प्रकाशाच्या जमाखर्चाचा प्रायोगिक परिचय

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर टेबल, इमारत किंवा मोटारगाडी दाखवावयाची असेल तर त्या वस्तूचा पृष्ठभाग ठाऊक असणे पुरेसे असते. हा पृष्ठभाग असंख्य लहान त्रिकोणांत विभागला जातो आणि प्रत्येक त्रिकोणावर पडणाऱ्या प्रकाशाचे गणित करून चित्र सिद्ध होते. लाकडाच्या आत काय आहे याची चौकशी करण्याचे कारण पडत नाही. ढग, धुके व धूर यांच्या बाबतीत मात्र ही पद्धत निरुपयोगी ठरते, कारण त्यांना पृष्ठभागच नसतो. घाटातील धुक्यात शिरणाऱ्या प्रवाशाला धुके नेमके कोणत्या रेषेपासून सुरू झाले हे सांगता येत नाही. चुलीच्या धुराची कड बोटाने दाखवू गेल्यास ती बोटाभोवती विरून जाते. अशा पदार्थांचे चित्र काढावयाचे म्हणजे त्यांच्या संपूर्ण आकारमानातून प्रकाशाचा प्रवास कसा होतो याचा हिशेब मांडणे होय. या पद्धतीस आकारमानी चित्रांकन किंवा व्हॉल्यूमेट्रिक रेंडरिंग असे म्हणतात.

ढगाचे चित्र हुबेहूब वाटण्यासाठी त्याचा आकार हुबेहूब असावा लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. एकाच आकाराचा, एकाच घनतेचा पुंजका प्रकाशाचा जमाखर्च बदलताच ढगाचा धूर होतो आणि धुराचा ढग होतो, हे या लेखात प्रयोगांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) आकारमानी चित्रांकनामागील भौतिक व गणिती तत्त्वे अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही समजतील अशा रीतीने मांडणे.
२) महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विनामूल्य सॉफ्टवेअरच्या साहाय्याने करता येण्याजोगे प्रयोग सुचविणे.
३) या चित्रांत भौतिकशास्त्र कोठे संपते व तडजोड कोठे सुरू होते याचे भान अध्यापनात का आवश्यक आहे, हे स्पष्ट करणे.

ऐतिहासिक मागोवा

या विषयाचा पाया संगणकशास्त्राने घातलेला नाही. माध्यमातून जाताना प्रकाश घातांकी नियमाने क्षीण होतो, हे बूगेर (१७२९), लँबर्ट (१७६०) व बीअर (१८५२) यांच्या कार्यातून प्रस्थापित झाले. ताऱ्यांच्या व ग्रहांच्या वातावरणातून प्रकाश पुनःपुन्हा विखुरत कसा बाहेर पडतो याची सविस्तर मांडणी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेडिएटिव्ह ट्रान्सफर’ या ग्रंथात केली. आज चित्रपटातील ढग ज्या समीकरणावर उभे असतात ते मूलतः खगोलभौतिकीतील हेच समीकरण होय.

संगणकीय चित्रांकनात १९८२ साली जेम्स ब्लिन यांनी ढग व धूलिमय पृष्ठभाग यांच्यासाठी प्रकाशाचे एक प्रतिमान मांडले. शनीच्या कड्यांचे चित्रण ही त्यामागील प्रेरणा होती. प्रत्येक किरण कणांवरून एकदाच विखुरतो असे त्यात गृहीत धरले होते. १९८४ साली जेम्स काजिया व ब्रायन फॉन हर्झन यांनी घनतेच्या त्रिमितीय क्षेत्रातून किरण नेण्याची पद्धत मांडली आणि किरण अनेकदा विखुरतो त्या परिस्थितीचाही विचार केला. दरम्यान १९८३ साली विल्यम रीव्ह्ज यांनी कणसमूहांची पद्धत प्रसिद्ध केली. ‘स्टार ट्रेक २’ या १९८२ च्या चित्रपटातील पेटत पसरणाऱ्या अग्निभिंतीसाठी ती वापरली गेली होती. १९८५ साली केन परलिन यांनी निसर्गसदृश अनियमितता निर्माण करणारे गणिती फल प्रसिद्ध केले. ‘परलिन नॉइज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फलाबद्दल त्यांना पुढे चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

या वाटचालीत मूळ प्रश्न तोच राहिला : किरण एकदा विखुरतो असे मानावयाचे, की अनेकदा? पुढील विवेचनावरून या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येईल.

ढगात शिरलेल्या किरणाचे काय होते?

ढगात किंवा धुरात शिरलेल्या किरणाला कण भेटला की दोनच शक्यता असतात. कण त्याला गिळून टाकतो, म्हणजे शोषण होते, किंवा त्याची दिशा बदलतो, म्हणजे विकिरण होते. या दोहोंमुळे सरळ जाणारा प्रकाश कमी होतो. या एकत्रित घटीस क्षीणन म्हणता येईल.

एक ठोस उदाहरण घेऊ. एका ढगात दर घनसेंटिमीटरमध्ये १०० जलबिंदू असून प्रत्येकाची त्रिज्या १० मायक्रोमीटर आहे असे मानू. याचा अर्थ एका घनमीटर ढगात सुमारे ०.४ ग्रॅम पाणी असते. दृश्य प्रकाशासाठी अशा बिंदूचे परिणामी क्षेत्रफळ त्याच्या प्रत्यक्ष छेदाच्या सुमारे दुप्पट असते. त्यावरून क्षीणन गुणांक दर मीटरला सुमारे ०.०६३ येतो. म्हणजे किरण सरासरी १६ मीटर गेला की त्याची एका जलबिंदूशी गाठ पडते. घातांकी नियमाने १० मीटरनंतर ५३ टक्के, ५० मीटरनंतर सुमारे ४ टक्के आणि १०० मीटरनंतर अवघा ०.२ टक्के प्रकाश सरळ रेषेत शिल्लक राहतो. एक किलोमीटर जाडीच्या ढगातून सरळ पार होणारा प्रकाश व्यवहारतः शून्य होय.

या हिशेबानुसार ढग काळाकुट्ट दिसावयास हवा. प्रत्यक्षात तो पांढराशुभ्र दिसतो. याचे कारण असे की पाण्याचा बिंदू दृश्य प्रकाश जवळजवळ गिळतच नाही. तो केवळ प्रकाशाची दिशा बदलतो. विखुरलेला किरण पुढच्या बिंदूवर, तेथून त्यापुढच्या बिंदूवर असा फिरत अखेर कोठून तरी बाहेर पडतो. एका भेटीत प्रकाशाचा किती अंश विखुरला जातो, म्हणजेच वाचतो, ते दर्शविणाऱ्या संख्येस अल्बेडो म्हणतात. समजा किरण ५० वेळा विखुरला. अल्बेडो ०.९९९ असेल तर सुमारे ९५ टक्के प्रकाश उरेल, ०.९९ असेल तर सुमारे ६० टक्के उरेल आणि ०.९ असेल तर अवघा अर्धा टक्का उरेल. पहिल्या व शेवटच्या संख्येत दिसायला थोडाच फरक आहे, परंतु त्यावरच शुभ्र ढग आणि काळपट धूर यांतील भेद अवलंबून आहे. जलबिंदूंचा अल्बेडो १ च्या अगदी निकट असतो. काजळीच्या कणांचा त्याहून पुष्कळच कमी असतो. म्हणून डांबराच्या भट्टीचा धूर काळा आणि चहाच्या किटलीतून निघणारी वाफ पांढरी.

कणांच्या आकाराचाही परिणाम होतो. उदबत्तीचा धूर काळोख्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो, तर उजेडाच्या खिडकीसमोर तो तपकिरी भासतो. त्याचे कण अतिसूक्ष्म असल्याने ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. ढगातील बिंदू त्यांच्या तुलनेत खूप मोठे असल्याने ते सर्व रंग सारखेच विखुरतात.

विखुरलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती जातो हे सांगणारे फल म्हणजे फेज फंक्शन. लुई हेन्यी व जेसी ग्रीनस्टाइन यांनी १९४१ साली आंतरतारकीय धुळीसाठी सुचविलेले सोपे सूत्र आजही सर्वत्र वापरले जाते. त्यात ‘जी’ ही एकच संख्या असते. ती ० असेल तर प्रकाश सर्व दिशांना सारखा जातो. ती १ च्या जवळ असेल तर बहुतांश प्रकाश पुढच्याच दिशेने जातो. ढगासाठी ती साधारणतः ०.८५ घेतली जाते. या सूत्रानुसार नेमक्या पुढच्या दिशेचा प्रकाश नेमक्या मागच्या दिशेच्या सुमारे १,८७६ पट भरतो. सूर्य ढगाआड असताना ढगाची पातळ कड रुपेरी तेजाने उजळते ती यामुळेच.

चित्र सिद्ध करण्याची पद्धत

वरील तत्त्वे संगणकात उतरविण्याचा सर्वांत सुबोध मार्ग म्हणजे रे मार्चिंग. पडद्यावरील प्रत्येक बिंदूतून एक काल्पनिक किरण ढगात सोडावयाचा व त्यावरून लहान लहान पावले टाकीत जावयाचे. प्रत्येक पावलावर तेथील घनता पाहावयाची, तेथपर्यंत सूर्यप्रकाश किती पोहोचतो हे काढण्यासाठी सूर्याच्या दिशेने आणखी काही पावले टाकावयाची, आणि मिळालेला प्रकाश एकूण बेरजेत मिळवावयाचा. वाटेत झालेली घटही मांडावयाची. ही सर्व प्रक्रिया एखाद्या खातेवहीसारखी आहे.

या खातेवहीचा आवाका मात्र प्रचंड असतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकासाठी १०० पावले धरल्यास २०,७३,६०,००० वेळा घनता मोजावी लागते. प्रत्येक पावलावर सूर्याकडे ६ नमुने घेतल्यास त्यात आणखी १,२४,४१,६०,००० मोजण्यांची भर पडते. हे झाले एका स्थिर चित्रासाठी. खेळात अशी ३० चित्रे एका सेकंदात लागतात.

ढगाच्या आकारासाठी नॉइज या फलाचे अनेक थर एकमेकांवर रचले जातात. प्रत्येक पुढील थराचे तपशील दुप्पट बारीक व त्याचा प्रभाव निम्मा ठेवला जातो. यातून तंतुमय, विरलेली घनता सहज मिळते. राशिमेघांच्या कडांवर फुलकोबीसारखे जे उभार दिसतात त्यांसाठी स्टीव्हन वर्ली यांचे १९९६ मधील पेशीसदृश फल उलटे करून वापरतात.

धुराचा प्रश्न वेगळा आहे. ढगाची हालचाल दुरून संथ भासते, परंतु धूर डोळ्यांदेखत वळतो, गुंडाळतो व फुटतो. म्हणून तेथे प्रवाही पदार्थांची नेव्हिए-स्टोक्स समीकरणे सोडवावी लागतात. तापलेली हवा वर जाते, दाब समतोल साधतो आणि घनता प्रवाहाबरोबर वाहत जाते. १९९९ साली योस श्टाम यांनी कालाचे पाऊल कितीही मोठे घेतले तरी गणित न कोसळणारी पद्धत दिली. तिचा दोष असा की लहान भोवरे अकाली विरून जात. २००१ साली रोनाल्ड फेडकिव, श्टाम व हेन्रिक वान येन्सन यांनी विरलेल्या भोवऱ्यांना पुन्हा बळ देणारी एक कृत्रिम प्रेरणा समीकरणात घातली. यामुळे धुराला त्याचा नैसर्गिक पीळ परत मिळाला.

साठवणुकीची अडचणही लहान नाही. प्रत्येक बाजूस ५१२ घरे असलेल्या घनाकृती जाळीत १३,४२,१७,७२८ घरे होतात. प्रत्येक घराला ४ बाइट दिल्यास केवळ घनतेसाठी ५१२ मेगाबाइट स्मृती लागते, आणि त्यांपैकी बहुतेक घरे रिकामीच असतात. ड्रीमवर्क्स अॅनिमेशन या संस्थेत केन म्युसेथ यांच्या पुढाकाराने तयार झालेली व २०१२ साली सर्वांसाठी खुली केलेली ‘ओपनव्हीडीबी’ ही रचना फक्त भरलेल्या भागांचीच नोंद ठेवते.

प्रयोगशाळेत करण्याजोगे पाच प्रयोग

पुढील प्रयोगांसाठी ‘ब्लेंडर’ हे विनामूल्य व मुक्त सॉफ्टवेअर आणि त्यातील ‘सायकल्स’ हे चित्रांकन-यंत्र पुरेसे आहे. महागडा संगणक नसल्यास चित्राचा आकार लहान ठेवावा. निष्कर्ष बदलत नाहीत.

प्रयोग पहिला : घातांकी नियम. एक एकक लांबीचा घन घेऊन त्यास काळ्या रंगाचे शोषक माध्यम द्यावे व मागे पांढरी पार्श्वभूमी ठेवावी. घनता १, २ व ३ ठेवून मधल्या बिंदूची तेजस्विता मोजावी. ती अनुक्रमे ०.३७, ०.१३५ व ०.०५ च्या आसपास मिळावयास हवी. मोजताना पडद्यासाठीचे रंग-रूपांतर ‘रॉ’ ठेवावे, अन्यथा आकडे जुळणार नाहीत. घनता दुप्पट झाली म्हणजे प्रकाश निम्मा होतो ही विद्यार्थ्यांची स्वाभाविक समजूत येथे आपोआप दूर होते.

प्रयोग दुसरा : पावलाची लांबी. यासाठी रे मार्चिंगचा लहानसा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावा. नॉइजने भरलेल्या गोलात प्रथम १० व नंतर १०० पावले टाकावीत. कमी पावलांत ढगावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पट्टे उमटतात. प्रत्येक किरणाचे पहिले पाऊल यदृच्छया पुढेमागे सरकविल्यास पट्टे जाऊन बारीक रवाळपणा येतो. चूक नाहीशी झालेली नसते. डोळ्यांना कमी खुपेल अशा रूपात ती बदललेली असते.

प्रयोग तिसरा : विकिरणांची संख्या. सायकल्समध्ये ‘व्हॉल्यूम बाउन्सेस’ नावाची एक मर्यादा असते. किरण माध्यमात किती वेळा विखुरू द्यावा हे ती ठरविते. अनेक आवृत्त्यांत मूळ मांडणीत ती ० असते. या स्थितीत दाट पांढरा ढगही आतून मळकट व सावलीच्या बाजूस काळा दिसतो. ती ४, १६ व ६४ अशी वाढवीत गेल्यास सावलीत हळूहळू उजेड भरत जातो. आकाराला हातही न लावता धुराचा ढग झालेला येथे प्रत्यक्ष दिसतो. संपूर्ण लेखाचा मध्यवर्ती मुद्दा या एका प्रयोगात सामावलेला आहे.

प्रयोग चौथा : अल्बेडो. आता ती मर्यादा ६४ वरच ठेवून माध्यमाचा रंग शुद्ध पांढऱ्यावरून ०.९ व नंतर ०.५ असा उतरवावा. आधी मिळविलेली शुभ्रता पहिल्याच बदलात मोठ्या प्रमाणात नष्ट होते.

प्रयोग पाचवा : दिशा. ‘जी’ हा गुणांक ०, ०.५ व ०.८५ ठेवून दिवा एकदा कॅमेऱ्यामागे व एकदा ढगामागे ठेवावा. दिवा ढगामागे असताना पातळ कडा कशा उजळतात याची तुलना करावी आणि सायंकाळी महाविद्यालयाच्या गच्चीवरून खऱ्या ढगांचे निरीक्षण करून ती पडताळून पाहावी.

अचूकता आणि तडजोड

चित्रपटाच्या एका चित्रासाठी कित्येक तास खर्च करता येतात. त्यामुळे तेथे किरणांच्या यदृच्छ भ्रमणाचे सांख्यिकी गणित पुरतेपणी केले जाते. यासाठी वापरली जाणारी ‘डेल्टा ट्रॅकिंग’ पद्धत १९६५ साली वुडकॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या प्रवासासाठी मांडली होती. खेळांना मात्र मिलिसेकंदांत उत्तर हवे असते. २०१५ साली अँड्र्यू श्नायडर यांनी ‘होरायझन झीरो डॉन’ या पुढे २०१७ साली प्रकाशित झालेल्या खेळातील ढगांची पद्धत जाहीर केली. तीत प्रत्येक चित्रात १६ पैकी १ पिक्सेल नव्याने काढला जातो व उरलेले मागील चित्रांवरून घेतले जातात. रिकाम्या आकाशात मोठी व ढगात लहान पावले टाकली जातात. सूर्याच्या दिशेने ६ नमुने घेतले जातात. या युक्त्यांमुळे एका चित्रातील ढगांचा खर्च सुमारे २ मिलिसेकंदांवर आला.

येथे एक बाब मुद्दाम नोंदविली पाहिजे. ढगाच्या सूर्याकडील खोबणी उभारांपेक्षा उजळ आणि कडा किंचित गडद दिसतात, कारण खोबणीत आजूबाजूचा विखुरलेला प्रकाश गोळा होतो. श्नायडर यांच्या पद्धतीत हा परिणाम साधण्यासाठी बीअरच्या नियमाला एक जादा घातांकी पद गुणले आहे. ते पद निरीक्षणावरून बेतलेले आहे. मूलभूत समीकरणातून ते निघालेले नाही. अनेकवार विकिरणाचा आभास निर्माण करण्यासाठी क्षीणन टप्प्याटप्प्याने कमी करून बेरीज घेण्याची २०१३ च्या सुमारास चित्रपटांसाठी पुढे आलेली युक्तीही याच जातीची आहे. धुरातील कृत्रिम भोवऱ्यांचेही तसेच म्हणता येईल.

अशा तडजोडींत गैर काही नाही. विद्यार्थ्याने त्यांना निसर्गनियम समजणे मात्र घातक आहे. हेच आकारमानी गणित १९८८ पासून वैद्यकीय सीटी स्कॅनच्या त्रिमितीय चित्रणातही वापरले जाते. मार्क लेव्हॉय यांचे आणि ड्रेबिन, कार्पेंटर व हॅनराहन यांचे शोधनिबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. तेथे कोणत्या घनतेला किती पारदर्शक मानावयाचे हा निर्णय चित्र काढणारा घेतो. खेळातील ढग थोडा अधिक उजळ झाला तर कोणाचे नुकसान होत नाही. रुग्णाच्या फुप्फुसातील एखादी गाठ अशाच ‘सुंदर’ निवडीमुळे पारदर्शक झाली, तर त्याची किंमत मोठी असेल. कोणते पद मोजलेले, कोणते गृहीत धरलेले व कोणते डोळ्यांच्या समाधानासाठी घातलेले, हे सांगता येणे ही या विषयातील खरी गुणवत्ता होय.

अध्यापनाच्या दृष्टीने

वरील प्रयोगांत भौतिकशास्त्रातील विकिरण, गणितातील संकलन व संभाव्यता, संगणकशास्त्रातील माहितीची रचना आणि चित्रकलेतील छायाप्रकाश एकत्र येतात. ज्या महाविद्यालयांत हे विभाग एकाच इमारतीत असूनही त्यांचे विद्यार्थी परस्परांच्या प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकीत नाहीत, तेथे संयुक्त प्रकल्पासाठी याहून सोयीचा विषय क्वचितच सापडेल. ढगांतील बिंदूंच्या आकाराचे व संख्येचे प्रत्यक्ष मापन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची महाबळेश्वर येथील उच्चस्थानीय मेघभौतिकी प्रयोगशाळा करीत आली आहे. अशा मापनांतील बिंदूंचा आकार व संख्या घेऊन क्षीणन गुणांक काढणे व त्यावरून चित्र सिद्ध करणे हा पदव्युत्तर स्तरावरील उत्तम प्रकल्प होऊ शकतो. मूल्यमापन करताना चित्राच्या देखणेपणापेक्षा सोबतच्या टिपणाला अधिक गुण द्यावेत, असे सुचवावेसे वाटते. त्या टिपणात प्रत्येक गुणांकाचे मूल्य कोठून घेतले हे लिहिलेले असावे.

समारोप

ढग व धूर यांचे चित्रांकन हा केवळ मनोरंजन-उद्योगाचा विषय नाही. दृश्य अनुभवाचे संख्येत व संख्येचे पुन्हा दृश्यात रूपांतर करण्याची ती एक शिस्त आहे. आकार नॉइजने मिळतो आणि गती प्रवाहाच्या समीकरणांनी मिळते. तथापि ढगाचे ढगपण आणि धुराचे धूरपण ठरते ते प्रत्येक कणाशी होणाऱ्या भेटीत प्रकाशाचा किती अंश वाचतो, कोणत्या दिशेला जातो आणि अशा किती भेटी आपण हिशेबात धरतो यावरून. हा हिशेब पूर्ण मांडणे नेहमीच शक्य नसते. जेथे तो अपुरा ठेवला असेल तेथे तसे स्पष्टपणे सांगण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर या प्रयोगांचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.